स्थलांतरित कुटुंबं आणि पर्यावरण: सर्वेक्षण कसं करावं?

प्रश्न: हडपसरमध्ये बिहार, मराठवाड्यातून आलेल्या आणि मूळच्या पुणेकर कुटुंबांची पर्यावरणाबद्दलची आस्था तपासायची आहे. एनईपीची (न्यू इकॉलॉजिकल पॅरडाइम, म्हणजे निसर्गाबद्दलची मतं मोजणारी प्रश्नावली) १५ विधानं पुरतील का?

उत्तर १: नुसती ती नकोत. २००० च्या सुधारित एनईपीत ८ विधानं निसर्गाच्या बाजूची, ७ उलटी. सगळ्याला "हो" म्हणत जाणाऱ्याचे गुण मधोमध येतात, तो उदासीन वाटतो. वागणूक वेगळी टिपा, तीही डोळ्यांनी: ओल्या कचऱ्याच्या बादलीत दुधाची पिशवी आहे का, डायपर कागदात गुंडाळून वेगळं दिलंय का.

उत्तर २: आणि कृपा करून थेट प्रांताला दोष देऊ नका! भाड्याचं घर, उत्पन्न, पुण्यात किती वर्षं, कामाची पाळी, हे आधी विचारा. दहा बाय दहाच्या खोलीत दुसरी बादली ठेवायची कुठे? घंटागाडीच्या वेळी माणूस कामावर असला की पिशवी कोपऱ्यावर जाते. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात लोकांनी अल्पसंख्याक आणि गरिबांची पर्यावरणाबद्दलची काळजी प्रत्यक्षापेक्षा कमी धरली होती. आपणही तेच करतो.

प्रश्नकर्ता: वीजबिल घेऊ का?

उत्तर १: घ्या, पण माणशी युनिट काढा. एसी नसल्यामुळे कमी आलेलं बिल म्हणजे आस्था नव्हे.