ऑफिसची पार्टी आणि आवरायची माणसं: तुमचे अनुभव सांगा

रातराणी
परवा डिसेंबरच्या पार्टीची मेल आली, त्यात नेहमीचं वाक्य: 'सगळ्यांनी धमाल करायची!' आणि दहा वर्षांपूर्वीची लोणावळ्याची पार्टी डोळ्यांसमोर उभी राहिली.

मी तेव्हा एचआरमध्ये नवीन, हाउझीचे नंबर पुकारायचं काम माझ्याकडे. एक सिनिअर साहेब, एरवी अगदी देवमाणूस, तीन पेगनंतर एका ट्रेनी मुलीला नाचायला ओढायला लागले. ती हसत होती. पण हातातला कागदी ग्लास इतका घट्ट धरलेला की मध्येच चेपला होता, आणि कोकम सरबत मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढचा नंबर पुकारला. चौसष्ट. अजून लक्षात आहे.

फेब्रुवारीत तिने राजीनामा दिला. कारण 'घरगुती'. मी काही विचारलं नाही, आणि ते मला अजून टोचतं.

आता पार्टी माझ्याकडे असते. जेवण आधी लावते, साडेनऊला बार बंद, घरी सोडायच्या गाड्यांची यादी आदल्या दिवशीच तयार. ट्रेनी पोरांच्या पिण्याचा प्रश्न सोडला तर बाकी सगळं जमतं, पण साहेब लोकांना तिथल्या तिथे आवरायचं कसं? मनापासून विचारतेय.

चाकणवाला
आमच्याकडे दारूच नाही. ग्राउंडवर फॅमिली डे, पोरांची लिंबू-चमचा, मटण-भाकरी. तरी राडा झालाच, परतीच्या बसमध्ये. चार जण गेटबाहेर 'बसून' आले होते. सुपरवायझर म्हणून मला पुढे केलं, मी ड्रायव्हरला बस थांबवायला लावली आणि चौघांना पुढच्या सीटवर माझ्याजवळ बसवलं. मागे बायका-पोरं होती हो.

हिरवी_मिरची
मटण-भाकरी कुठल्या केटररची? आमच्याकडे दरवर्षी तेच पनीर 😭

काळा_कोट
कोर्टातून लिहितोय, थोडक्यात. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ऑफिसच्या चार भिंतींपुरता नाही. कामानिमित्त जिथे जाल ती जागा, मालकाने दिलेलं वाहनसुद्धा, कामाचीच जागा. म्हणजे रिसॉर्ट आला आणि चाकणवाल्यांची बसही आली. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लागतेच. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. आणि रातराणी, ट्रेनी पोरांचं म्हणालात म्हणून: महाराष्ट्रात कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. बावीस-तेविसाच्या पोरांना पेग देणारा मॅनेजर तिथेच चुकला.

पंचविशीतली
बाप रे, २५?? आमच्याकडे कुणी विचारतच नाही.

लीड्सहून
इकडे इंग्लंडात ख्रिसमस पार्टीच्या आधी आठवडाभर सूचनांच्या मेल येतात. ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच आलाय, छळ होऊ नये म्हणून मालकाने आधीच पावलं उचलायची. आमची मॅनेजर पार्टीत शेवटपर्यंत पाण्यावर असते, आणि ते सगळ्यांना सांगून ठेवते. लोक तिच्याकडे बघून बघून आपोआप सावरतात. पहिल्या वर्षी मला एकटं वाटलं होतं पण, सगळे पबमध्ये आणि मी कोपऱ्यात जॅकेट पोटाशी धरून. असो, मुलीला क्लासला सोडायचंय.

बँकवाला
आमच्या शाखेत रिटायरमेंटच्या पार्टीला शिपाईकाका दाराशी डबा घेऊन उभे राहायचे. 'साहेब, चावी.' प्यायलेल्याची चावी डब्यात, सकाळी परत. पिऊन गाडी चालवली तर पहिल्यांदाच १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, हे सांगून कुणी ऐकत नाही. काकांनी हात पुढे केला की मॅनेजरसुद्धा मुकाट देतो.

मोगरा७
रातराणी, ती मी नाही, पण तशीच एक मी. नाशिकला, पहिली नोकरी. साहेबांनी खांद्यावर हात टाकला तो काढेचनात. सगळे बघत होते, सगळे ताटात बघत होते. पॅन्ट्रीतल्या मावशी रिकामा ट्रे घेऊन सरळ आमच्या मध्ये घुसल्या. 'ताई, तुमच्या आईचा फोन आलाय, चला लवकर.' मला बाहेर नेऊन पायरीवर बसवलं, स्वतःचा स्वेटर दिला. फोन आलाच नव्हता. रिक्षात बसवेपर्यंत हात सोडला नाही त्यांनी. साहेबांना कुणीच काही बोललं नाही, पण मी ती नोकरी सोडली नाही, ती मावशींमुळे.

हिरवी_मिरची
मोगरा 🙏 मावशींना माझा नमस्कार सांग. आमच्याकडे तर हाउसकीपिंगला पार्टीचं आमंत्रणच नसतं, बाहेर उभं राहून प्लेटा उचलायच्या. खरं तर पहिलं ताट त्यांचं वाढायला हवं.

रातराणी
मोगरा, तुझं वाचून बराच वेळ गप्प बसले. इतकं साधं होतं. माईक माझ्या हातात होता, तिचं नाव पुकारून बक्षीस घ्यायला स्टेजवर बोलावलं असतं तरी सुटली असती ती.

यंदा समितीतल्या चौघांना हेच सांगणार आहे: तक्रारीची वाट बघू नका, मध्ये घुसा, फोन आला म्हणा, काहीही म्हणा. साहेबांशी दुसऱ्या दिवशी दार लावून बोलायचं काम माझं. आणि पॅन्ट्रीतल्या दोघी यंदा टेबलावर बसतील. आत्ताच यादीत नावं घातली.

चाकणवाला
बरं केलंत ताई. मिरची, केटरर नाही, गावातल्या बचत गटाच्या बायका करतात. तीनशे भाकऱ्या, चुलीवर. नंबर व्यनित (खाजगी निरोपात) पाठवतो.