मदत हवी आहे: ‘बाहेर पडा’ निवडलं तरी मेनू परत येतो (पायथन, नवशिकी)

शिकाऊ_पायथन

नमस्कार मंडळी,

पायथन नुकतंच शिकायला घेतलंय. इफ-एल्स, फंक्शन आणि लिस्ट एवढं येतं. सरावासाठी कामांच्या यादीचा छोटा प्रोग्राम लिहितेय. मेनूत चार पर्याय आहेत: काम जोडा, यादी दाखवा, काम काढा, बाहेर पडा. एखादं काम झालं की मेनू पुन्हा दिसावा आणि ४ दाबल्यावर प्रोग्राम संपावा, एवढंच हवंय.

रचना कळावी म्हणून कोड मराठीत मांडते:

फंक्शन मेनू:
    चारही पर्याय छापा
    निवड विचारा, तिचा पूर्णांक करा
    १ असेल तर जोडा()
    २ असेल तर दाखवा()
    ३ असेल तर काढा()
    ४ असेल तर “भेटू पुन्हा” छापा

फंक्शन जोडा:
    नवीन काम विचारून यादीत घाला
    मेनू()
    फाइलमध्ये जतन करा, “यादी जतन झाली” छापा

दाखवा आणि काढा यांच्या शेवटीही असंच मेनू() लिहिलंय, कारण काम संपलं की मेनूकडे परत जायचंय. पण ४ दाबल्यावर “भेटू पुन्हा” येतं आणि त्याखाली “यादी जतन झाली” ही ओळ एकाखाली एक छापली जाते. तीन कामं जोडली असतील तर तीनदा.

मग व्हाइल लूप वाचलं आणि मेनू फंक्शनमधला सगळा मजकूर व्हाइल ट्रूच्या आत घेतला, ४ च्या खाली ब्रेक लिहिलं. आता ४ दाबलं की “भेटू पुन्हा” येतं, जतन झाल्याची ओळ येते आणि मेनू परत हजर! बरेचदा ४ दाबल्यावर कधीतरी सुटका होते. ब्रेक लिहूनही लूप का तुटत नाही?

आणखी एक. अंकाऐवजी अक्षर टाकलं तर प्रोग्राम कोलमडायचा, म्हणून निवड विचारणाऱ्या ओळीला ट्राय-एक्सेप्ट लावलंय. एक्सेप्टमध्ये “चुकीची निवड” छापून पुन्हा मेनू(). तेव्हापासून कंट्रोल-सी दाबलं तरी प्रोग्राम थांबत नाही, खिडकीच बंद करावी लागते.

नुसता तयार कोड नको, असं का होतंय ते समजून घ्यायचंय. कृपया मार्गदर्शन करावे.

कंसपूर्ण

प्रश्न छान मांडलाय, लक्षणं नीट दिली आहेत त्यामुळे कारण लगेच दिसतंय. ब्रेक आपलं काम चोख करतोय. फक्त तुमच्याकडे एक लूप नसून एकात एक अडकलेले बरेच लूप आहेत.

जोडा() च्या शेवटी तुम्ही मेनू() लिहिता तेव्हा पायथन जुन्या मेनूकडे परत जात नाही. तो मेनू फंक्शन नव्याने सुरू करतो आणि जोडा() अर्धवट राहतं. पुस्तक वाचता वाचता पानात खूण घालून दुसरं पुस्तक उघडावं, त्यात खूण घालून तिसरं, तसं. ४ दाबल्यावर फक्त सगळ्यात वरचं पुस्तक मिटतं. मग पायथन इमानदारीत मागे येतो आणि प्रत्येक खुणेपासून पुढचं वाचायला घेतो. जोडा() मधली पुढची ओळ कोणती? जतन करा. म्हणून जितकी कामं जोडली तितक्यांदा ती ओळ छापली जाते.

आता यात व्हाइल ट्रू घातलं. म्हणजे दर खेपेच्या मेनू() बरोबर एक स्वतंत्र लूप सुरू झाला. ब्रेक ज्या लूपमध्ये लिहिलाय तो एकच लूप तोडतो. तो तुटला की नियंत्रण आधीच्या जोडा() मध्ये येतं, तिथून त्याला बोलावणाऱ्या मेनूत, आणि तिथला लूप अजून जिवंत असतो. तो पुन्हा मेनू दाखवतो. जितके थर साचलेत तितक्यांदा ४ दाबावं लागणार.

थर साचण्याला मर्यादाही आहे. एकावर एक किती फंक्शन अर्धवट राहू शकतात याची पायथनमधली ठरलेली हद्द १००० आहे. तुमच्या रचनेत दर फेरीला मेनू आणि जोडा असे दोन थर चढतात, म्हणजे सुमारे ५०० फेऱ्यांनी रिकर्शन एरर (थरांची हद्द ओलांडल्याची चूक) येईल. सराव करताना ते कधी दिसणार नाही, पण दिवसभर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये नक्की दिसेल.

उपाय असा: जोडा, दाखवा, काढा यांनी मेनूचं नावही घेऊ नये. त्यांनी आपलं काम करावं आणि संपावं. फंक्शन संपलं की नियंत्रण आपोआप जिथून बोलावलं तिथे, म्हणजे लूपमध्ये येतं, आणि लूप पुढची फेरी सुरू करतो. मेनूकडे परत जाण्यासाठी वेगळं काही लिहावंच लागत नाही. माझ्या मते मेनूच्या प्रोग्राममधली हीच कळीची गोष्ट आहे: पुढे काय दाखवायचं हे एकाच जागी ठरलं पाहिजे, आणि ती जागा म्हणजे लूप.

यादी = फाइलमधून वाचा
व्हाइल ट्रू:
    पर्याय छापा
    निवड = इनपुट, मागेपुढे असलेली मोकळी जागा काढून
    इफ निवड “१”: जोडा(यादी)
    एलिफ निवड “२”: दाखवा(यादी)
    एलिफ निवड “३”: काढा(यादी)
    एलिफ निवड “४”: ब्रेक
    एल्स: “१ ते ४ पैकी अंक टाका” छापा
जतन करा(यादी)
“भेटू पुन्हा” छापा

यादी लूपच्या आधी तयार केली आहे, ते नीट पाहा. ती ओळ चुकून लूपच्या आत गेली तर दर फेरीला यादी नव्याने तयार होईल आणि आधी जोडलेलं काम गायब दिसेल. शेवटच्या दोन ओळी लूपच्या बाहेर, डाव्या कडेला आहेत. पायथनमध्ये लूपची हद्द दाखवायला कंस नसतात, त्यामुळे कुठली ओळ लूपची आणि कुठली नंतरची हे फक्त समासावरून ठरतं.

निवडीचा पूर्णांक मी केलेलाच नाही. इनपुट नेहमी मजकूर देतं; तो मजकूर थेट “१” या मजकुराशी ताडून पाहिला की झालं. या निवडीत आपल्याला बेरीज-वजाबाकी करायची नाही, मग रूपांतर कशाला? अक्षर टाकलं तरी काही कोलमडत नाही, ते सरळ एल्समध्ये जातं आणि ट्राय-एक्सेप्टची गरजच उरत नाही.

कंट्रोल-सी चं कारण वेगळं आहे. तुम्ही एक्सेप्टच्या पुढे एररचं नाव लिहिलेलं नसणार. नुसतं एक्सेप्ट सगळंच पकडतं, आणि पायथनमध्ये कंट्रोल-सी दाबणं हासुद्धा एक एक्सेप्शनच असतो, कीबोर्ड-इंटरप्ट. तो पकडला गेला, “चुकीची निवड” छापलं गेलं, मेनू परत आला. जिथे खरंच अंक हवा असेल तिथे एक्सेप्ट व्हॅल्यू-एरर असं नाव घालून लिहा. मग अंकाऐवजी आलेला मजकूर तेवढा पकडला जाईल आणि कंट्रोल-सी मोकळं राहील.

अर्धविराम

वरचं सगळं पटलं. मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो, तिथेही हाच मेनू पहिल्या काही आठवड्यांत येतो, म्हणून थोडी भर घालतो. पुढे धागा वाचणाऱ्यांना उपयोगी पडेल.

मेनू निदान एकदा तरी दिसलाच पाहिजे, मग निवड तपासायची. सीमध्ये यासाठी डू-व्हाइल असतं: आधी काम, अट शेवटी. पायथनमध्ये ते नाही. तसा एक प्रस्ताव, पेप ३१५, आला होता पण नाकारला गेला. म्हणून पायथनवाले व्हाइल ट्रू आणि आत ब्रेक असं लिहितात. नवशिक्यांना व्हाइल ट्रू पाहून धडकी भरते, हा कधी थांबणारच नाही असं वाटतं. पण पायथनमध्ये ती रुळलेली पद्धत आहे, बिनधास्त वापरा.

सीमध्ये दोन ठिकाणी हमखास अडकायला होतं. स्विचच्या (निवडीप्रमाणे वेगवेगळ्या केसकडे नेणाऱ्या रचनेच्या) आत लिहिलेला ब्रेक स्विचमधून बाहेर काढतो, लूपमधून नाही. त्यामुळे केस ४ मध्ये ब्रेक लिहून मेनू परत येतो, अगदी या धाग्यातल्यासारखाच दिसणारा पण वेगळ्या कारणाचा घोळ. दुसरं, इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफ फंक्शनला अंक हवा असताना अक्षर आलं तर ते अक्षर तो उचलत नाही, तिथेच राहू देतो. पुढच्या फेरीत तेच अक्षर पुन्हा समोर. परिणामी मेनू न थांबता पडदाभर धावत सुटतो. एफगेट्सने पूर्ण ओळ वाचून घ्यावी आणि मग तिच्यातला अंक काढावा, हा त्यावरचा सरळ उपाय.

शिकाऊ_पायथन

दोघांचेही मनापासून आभार! खुणांचं उदाहरण वाचलं आणि कागदावर थर काढून पाहिले, तेव्हा जतनची ओळ तीनदा का येते ते स्वच्छ दिसलं. तिन्ही फंक्शनमधून मेनू() काढून टाकलं. आता ४ एकदाच दाबलं की थांबतो, जतनही एकदाच होतं.

आता काढा() बद्दल विचारते. त्यात एक छोटा लूप आहे: यादी क्रमांकासह दाखवा, “कितवं काम काढू? मागे जायला ०” असं विचारा, काढा, पुन्हा विचारा. दोन अडचणी आहेत. एक, ० टाकलं की मागे जाण्याऐवजी यादीतलं शेवटचं काम उडतं. दुसरी, याच ठिकाणाहून थेट अख्खा प्रोग्राम बंद करायची सोय द्यायची आहे, पण ब्रेक लिहिलं की मुख्य मेनूत येते. तिथे चालू = फॉल्स असं चिन्ह ठेवून पाहिलं, तर प्रोग्राम बंद व्हायच्या आधी पुढच्या दोन-तीन ओळी तरीही चालतात.

कंसपूर्ण

शून्याचं आधी. लिस्टची मोजणी ० पासून होते, म्हणून तुम्ही आलेल्या क्रमांकातून १ वजा करत असणार. ० मधून १ गेला की उरतो उणे १, आणि पायथनमध्ये उणे १ म्हणजे शेवटचा घटक. त्याला ती चूक वाटतच नाही, म्हणून एररही येत नाही आणि काम मुकाट उडतं. अशा चुका सगळ्यात वाईट, कारण त्या बोलत नाहीत. वजाबाकीच्या आधी तपासा: ० असेल तर मागे जा, १ ते यादीची लांबी यांच्या बाहेरचा अंक असेल तर सांगा आणि पुन्हा विचारा, मगच काढा. इथे पूर्णांक लागतोच, तेव्हा एक्सेप्ट व्हॅल्यू-एरर इथे घाला.

आता आतल्या लूपमधून पार बाहेर पडणं. पायथनमध्ये एका ब्रेकने दोन लूप तोडता येत नाहीत. पण तुमचा आतला लूप आधीच स्वतंत्र फंक्शनमध्ये आहे, त्याचा फायदा घ्या. नुसतं मागे जायचं असेल तर काढा() मधून रिटर्न “मागे”, सगळंच बंद करायचं असेल तर रिटर्न “बंद”. मुख्य लूपमध्ये ३ च्या पर्यायाखाली ते उत्तर तपासा आणि “बंद” आलं तर तिथेच ब्रेक. म्हणजे प्रोग्राम थांबवायचा निर्णय शेवटी मुख्य लूपच घेतो.

एक्झिट() वापरूनही प्रोग्राम जागच्या जागी बंद होतो, पण मग लूपनंतरची जतनची ओळ चालणार नाही आणि त्या खेपेचं सगळं काम वाया जाईल. इथे तो मार्ग टाळाच.

चालू = फॉल्स केल्याने लूप तत्क्षणी तुटत नाही. व्हाइल आपली अट फक्त फेरीच्या सुरुवातीला पाहतो, मध्ये चिन्ह बदललं तरी ती फेरी पूर्ण होते. चिन्ह वापरायचंच असेल तर ते बदलल्याबरोबर खाली कंटिन्यू लिहा: उरलेल्या ओळी वगळल्या जातात, अट पुन्हा तपासली जाते आणि लूप संपतो.

देवनागरी_कळफलक

एक बारीकशी पण मराठीत टंकणाऱ्यांना नक्की भेटणारी गोष्ट. कळफलक मराठीवर असताना कोणी देवनागरी अंक टाकला तर काय होतं ते करून पाहा. पायथनचं पूर्णांक करणारं फंक्शन देवनागरी अंकही ओळखतं, १२ चे बरोबर बारा होतात. पण मजकूर म्हणून ताडून पाहिलं तर देवनागरी १ आणि रोमन लिपीतला १ ही दोन वेगळी चिन्हं आहेत. म्हणजे काढा() मध्ये देवनागरी अंक चालतील आणि मुख्य मेनूत तेच “चुकीची निवड” ठरतील. वापरणारा गोंधळून जाईल. मुख्य मेनूच्या तुलनेत दोन्ही रूपं स्वीकारा: इफ निवड इन, आणि पुढे कंसात दोन्ही अंक.

शिकाऊ_पायथन

हे तर डोक्यातही आलं नव्हतं, आणि माझी आई हा प्रोग्राम वापरणार आहे, ती मराठीतूनच टंकते! दोन्ही रूपं घातली. काढा() मधून “मागे” आणि “बंद” पाठवते आहे, दोन्ही नीट चालतंय. ० टाकलं की आता शांतपणे मागे येते, यादी जशीच्या तशी. कंट्रोल-सी दाबलं तरी थांबतो, फक्त लाल अक्षरांचा ढीग दिसतो आणि जतन होत नाही. त्याचं काही करता येईल का?

कंसपूर्ण

येईल. अख्खा व्हाइल लूप ट्रायच्या आत घ्या, त्याखाली एक्सेप्ट कीबोर्ड-इंटरप्ट, आणि जतनची ओळ फायनलीमध्ये. लूप ब्रेकने संपो की कंट्रोल-सीने, फायनली दोन्ही वेळा चालतं. एक्सेप्टमध्ये “थांबवलं” एवढंच छापा. तिथून लूप पुन्हा सुरू करू नका, नाहीतर पहिल्या पोस्टमधली अडचण परत येईल. त्याच ओळीत ईओएफ-एररचंही नाव घाला. लिनक्स किंवा मॅकवर कंट्रोल-डी दाबलं की इनपुट संपतं आणि तो एरर येतो.