एक्झॉस्टचा सेन्सर बदलला तरी गाडी घाटात ओढत नाही, मदत हवी आहे

घाटवाट: शुक्रवारी आईबाबांना घेऊन साताऱ्याला निघायचंय. खंबाटकीत पिवळा दिवा लागतो आणि मग कितीही रेस द्या, अडीच हजार आरपीएमच्या वर जातच नाही. बंद करून चालू केली की थोडा वेळ ठीक. वर्कशॉपने सेन्सर बदलून ९ हजार घेतले, चार दिवसांत परत तेच. लवकर सांगा.

तेलपाणी: पेट्रोल की डिझेल? किती चाललीये? स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय आला?

माणदेशी: ऑक्सिजन सेन्सरच. माझ्या गाडीला पी ०४२० यायचा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा भाग) चोक झालेला, तो बदलला आणि पिकअप परत आला. तुम्हीही तेच करा.

तेलपाणी: अहो दादा, तुमची पेट्रोल. यांची कुठली ते कळू तर दे.

घाटवाट: डिझेलच ना, बीएस ६, २०२१ ची, ६२ हजार किमी. बिलावर नुसतं 'सेन्सर' लिहिलंय. मित्राच्या स्कॅनरवर पी २४५३ येतोय.

तेलपाणी: हा डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा प्रेशर सेन्सर. इग्निशन ऑन ठेवा पण इंजिन बंद, स्कॅनरवर प्रेशर शून्याच्या आसपास पाहिजे. नसेल तर सेन्सर किंवा त्याचं रीसेट राहिलंय. शून्य असेल तर सेन्सरला येणाऱ्या दोन्ही नळ्या हाताने वाकवून बघा, गरम होऊन चिरतात.

नीराकाठ: डीपीएफ काढून रीमॅप मारा, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून घ्या, कटकटच नको.

तेलपाणी: कृपा करून असलं सांगू नका. बेकायदेशीर आहे, वॉरंटी जाते आणि ती काजळी मागच्या टू-व्हीलरवाल्याच्या छातीत जाते.

नीराकाठ: मग शहरात १० किमी चालवणाऱ्याने काय करायचं? रीजनला, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळायला, ६०० डिग्रीच्या आसपास तापायला लागतं, सिग्नलला थांबून ते होतं का?

माणदेशी: म्हणून मी सीएनजी घेतली. आणि खंबाटकी नको असेल तर सासवड-लोणंदवरून जा.

तेलपाणी: तिकडे दिवेघाट आहे की!

घाटवाट: शून्य आलं. पुढच्या नळीला क्लॅम्पपाशी चीर आहे, बोटाला काजळी लागली. म्हणजे ९ हजार फुकट गेले माझे. नळी गुरुवारी मिळेल, तोवर रीजन मारून घेऊ का?

तेलपाणी: नको, आत्ता प्रेशरचं रीडिंगच चुकीचं आहे. आधी नळी बसवा, स्कॅनरने कोड पुसा, मग रीजन. आणि इंजिन ऑइलची डिपस्टिक (लेव्हल मोजायची पट्टी) बघा, अर्धवट रीजनमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल खुणेच्या वर असेल तर ऑइल बदलल्याशिवाय आईबाबांना घेऊन निघू नका.