मदत हवी आहे: पिसं झडत नाहीत, तरी कोंबड्या पातळ कवचाची अंडी देताहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही गोराई गावात राहतो. घरामागच्या वाडीत पाच गावठी, तीन तांबड्या आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. पाऊस ओसरल्यापासून अंडी निम्म्यावर आली. गावठींचं कारण कळतंय. मानेची, पाठीची पिसं झडताहेत, नवी फुटताहेत, म्हणजे खाल्लेलं सगळं तिकडेच लागणार. एक खुडूक आहे, तिला सासूबाईंनी अंड्यांवर बसवलीही.

काळजी तांबड्यांची आहे. पीस गळलेलं नाही, तुरे लालभडक, खाणं व्यवस्थित, तरी अंडं उचलताना बोट आत जातं. कधी नुसत्या पडद्यातलं, कवच नसलेलं अंडं खुराड्यात पडलेलं असतं. त्यातली एक रात्री शिंकते, नाकाला पाणी असतं. मान वाकडी नाही, शीट हिरवी नाही, आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस सगळ्यांना वेळेवर दिलेली आहे.

खायला लेयर मॅश (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य), संध्याकाळी मूठभर कणी, कधी सुकटीचा चुरा. तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून, बारीक कुटून वेगळ्या वाटीत ठेवते. मग चुना कमी कसा पडतो?

दाणेवाला अँटिबायोटिकची पुडी देत होता. घेतली नाही. औषध अंड्यात उतरतं आणि ही अंडी घरातली मुलं खातात. हा ऑक्टोबरचा उकाडा आहे की आजार? कुणी असं पाहिलंय का?

प्रतिसाद १

ताई, उकाडा धरून चाला. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट अपुरं पडतं, मग चुना कितीही खाऊ दे. कवच घडायला साधारण २० तास लागतात आणि त्यातला बराच भाग रात्री होतो. म्हणून शिंपल्यांची वाटी संध्याकाळी भरलेली हवी. पीठ करू नका, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे ठेवा. ते पोटात टिकतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. दुपारी पत्र्यावर ओलं गोणपाट टाका, मॅश सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावरच द्या.

प्रतिसाद २

उकाड्याचं पटतं, पण उकाड्याने कोंबडी शिंकत नाही. एक अंडं ताटलीत फोडून बघा. पांढरा भाग पाण्यासारखा पसरतोय का? कवच सुरकुतलेलं, खरबरीत आहे का? तसं असेल तर इन्फेक्शियस ब्राँकायटिसचा संशय घ्यावा लागतो. तो विषाणूचा आजार आहे, पुडीने बरा होत नाही. मानमोडीची लस घेतलेल्या कोंबड्यांनाही त्या रोगाचा सौम्य झटका येऊन फक्त अंडी बिघडू शकतात, तेव्हा तपासणीशिवाय काही ठरवू नका. शिंकणारी आजच वेगळी करा, तिचं पाण्याचं भांडंही वेगळं. नव्या तलंगा (तरुण कोंबड्या) इतक्यात अजिबात आणू नका. आणि एकदम दोन-चार पटापट मेल्या तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा, १९६२ वर फोन लागतो. बर्ड फ्लू २००६ साली नवापूरला येऊन गेलाय, त्यात चालढकल नको.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच अंडं फोडलं. पांढरा भाग ताटलीभर पसरला, पिवळा बलक मात्र गोल, घट्ट आहे. दोन अंड्यांच्या टोकाला सुरकुत्याही दिसताहेत. दुसऱ्या तांबडीच्या अंड्याचं कवच पातळ आहे, पण गुळगुळीत, म्हणजे दोन्ही कारणं एकत्र असतील असं वाटतंय. शिंकणारीला मागच्या पडवीत ठेवली आहे. तिचं खाणंपिणं सगळ्यात शेवटी करते आणि पायातल्या चपलाही तिथेच सोडते.

उद्या तिला आणि ही अंडी घेऊन परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाते. खाडी ओलांडून बोरिवली, मग पुढचा प्रवास, म्हणजे ऊन चढायच्या आत निघावं लागेल. टोपलीवर ओलं फडकं टाकलं तर चालेल, की नाकाला पाणी असताना त्याने त्रास वाढेल? शीटही सोबत न्यायची का? न्यायची तर कशात? आज रात्री कुणी सांगितलं तर तशी तयारी करून ठेवते.