फास्ट ट्रॅव्हल बंद करा म्हणे!

पायवाट: काल इथे कुणीतरी सल्ले टाकलेत. ओपन-वर्ल्ड, म्हणजे हवं तिथे भटकता येणाऱ्या, गेमची खरी मजा हवी असेल तर फास्ट ट्रॅव्हल (न चालता नकाशावरून थेट दुसरीकडे उडी) वापरू नका, क्वेस्ट मार्कर (कामगिरीची जागा दाखवणारी खूण) बंद ठेवा आणि मेन क्वेस्टला, म्हणजे मुख्य कथेला, हात लावण्याआधी सगळा नकाशा पालथा घाला. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मार्करशिवाय एल्डर स्क्रोल्स मालिकेतला मोरोविंड (२००२) खेळता यायचा, कारण त्यात पात्रं रस्ता तोंडी सांगायची आणि तो जर्नलमध्ये, म्हणजे गेममधल्या नोंदवहीत, उतरायचा. त्याच मालिकेतल्या पुढच्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) कंपासवर खूण आली आणि पत्ते सांगणं जवळपास संपलं. त्यानंतरच्या स्कायरिमचं जर्नल बहुतेक वेळा एवढंच म्हणतं की अमक्या गुहेतून तमकी वस्तू आण. मार्कर बंद करून ती गुहा शोधायची कशी?

आणि नकाशा पालथा घालण्याचं मला सांगूच नका. विचर ३ या गेममध्ये स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात नकाशावर दिसणारी प्रश्नचिन्हं मी एकेक करून संपवली. होडी, सायरन राक्षसिणी, बुडी, पेटी, परत होडी. तीन आठवडे गेले. मग गेम उघडावासाच वाटेना. मुख्य कथेत सिरी नावाच्या मुलीला शोधायचं असतं, ते राहिलं ते राहिलंच.

निशाचर: राग समुद्रावर आणि झोडपताय चालणाऱ्यांना. स्कायरिममध्ये मी फास्ट ट्रॅव्हल बंद केलं तेव्हा माझं दोनशे तासांचं खेळणं झालं होतं. तरीही व्हाइटरन शहराच्या बाहेर राक्षस मॅमथ हाकत नेताना मी पहिल्यांदा थांबून पाहिले. लांब जायचंच असेल तर तबेल्याजवळ घोडागाडी आहे, ती राजधान्यांपर्यंत सोडते. पुढचं चालावं.

अर्धातास: निशाचर, दोनशे तास! माझी मुलगी झोपली की मला जेमतेम चाळीस मिनिटं मिळतात. त्यातली पंचवीस डोंगर उतरण्यात घालवू? कथा पुढे सरकली नाही तर दुसऱ्या दिवशी मी काय करत होते तेच आठवत नाही. असले सल्ले देणाऱ्यांना दुसऱ्याच्या वेळेची किंमत नसते.

भंगारवाला: चालायचं की उडी मारायची हा वाद नंतर घाला. स्कायरिममध्ये जवळच्या सामानाचं वजन मर्यादेपलीकडे गेलं की पळताही येत नाही आणि फास्ट ट्रॅव्हलही होत नाही. सुरुवातीला ३०० वजन झेपतं. लेव्हल वाढताना स्टॅमिना (दम) निवडला तरच आणखी ५ मिळतात. ड्रॅगनचं एक हाड १५ चं! सल्ला द्यायचा तर हा द्या: वस्तूची किंमत भागिले वजन. दहाच्या खाली आलं तर उचलू नका.

निशाचर: विषय काय, तुम्ही बोलताय काय?

पायवाट: नाही, हे बरोबर आहे. पण दहा फार होतात. सुरुवातीला पैसा नसतो, तेव्हा पाचचंही उचलावं.

भंगारवाला: पाचचं उचलूनच लोक गुहेच्या तोंडाशी अडकतात. मी स्वतः एकदा रात्रभर एकेक पाऊल टाकत रिव्हरवूड गावात आलो. घोड्यावर बसलं की जास्त वजनातही फास्ट ट्रॅव्हल होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अर्धातास: सोबत फिरणाऱ्या लिडियाला द्या ना सामान. तिची मर्यादा भरली तरी जमिनीवरची वस्तू उचलायचा हुकूम दिला की ती उचलते.

भंगारवाला: आणि ती मेली की? माझी दरीत पडली. सगळं सामान तिच्याकडे होतं. मी मागचा सेव्ह (जतन केलेला खेळ) ठेवला नव्हता. त्यानंतर सोबती घेतलेला नाही.

निशाचर: मग स्टीड स्टोन या शिळेचं वरदान घ्या, १०० वजन जास्त झेपतं, आणि हा विषय थांबवा. मूळ मुद्द्यावर या. एल्डन रिंग या गेमला (२०२२) ना क्वेस्ट मार्कर, ना जर्नल. तरी लोक खेळलेच ना?

पायवाट: कारण तो तसाच बांधलाय! ग्रेसमधून, म्हणजे विसाव्याच्या जागांमधून, सोनेरी किरण निघतात, ते वाट दाखवतात. आणि फास्ट ट्रॅव्हल त्यात पहिल्यापासून आहे. तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय.

निशाचर: किरण फक्त मुख्य वाटेचे आहेत. बाजूच्या पात्रांच्या कथा मी वहीत लिहून ठेवल्या, तेव्हा कुठे हाती लागल्या. ती वही अजून आहे माझ्याकडे.

अर्धातास: वही ठेवण्याचा सल्ला मात्र कालच्या यादीत नव्हता. तो मला चालेल, दोन ओळी लिहायला वेळ लागत नाही.

पायवाट: वहीचं मान्य. मार्करचं नाही. स्कायरिममध्ये क्लेअरव्हॉयन्सचा मंत्र वाट दाखवतो, पण त्यासाठीही क्वेस्ट निवडलेला लागतो. तेवढं निशाचरांना देतो: मार्कर बंद करून तो मंत्र वापरून बघेन. एकच क्वेस्ट.

निशाचर: एक पुरे. पण चालत जा.

भंगारवाला: आणि निघण्याआधी वजन बघा.