परदेशातल्या ऑनलाइन शिक्षकांना सणाची भेट कशी पाठवलीत? (अनुभव धागा)

आमच्या विश्रामबागेतल्या घरी दिवाळीला पोस्त द्यायची पद्धत सासूबाईंपासून चालत आली आहे. पोस्टमन, पेपरवाला, घंटागाडीवाले, सगळ्यांची पाकिटं आधीच भरून ठेवलेली असतात. दोन वर्षांपूर्वी पाकिटं भरताना मुलानं विचारलं, "आई, सरांना काय?" त्याचे बुद्धिबळाचे सर सर्बियात, नोवी सादला राहतात. बुद्धिबळ वाढवणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत राहून बुद्धिबळासाठी परदेशी शिक्षक कशाला, असं नातेवाईक विचारतात. पण मुलाचं त्यांच्याशी जमलं, हे खरं. रात्री साडेआठला आमचा तास सुरू होतो, तेव्हा हिवाळ्यात तिकडे दुपारचे चार वाजलेले असतात.

मी २५ डिसेंबरला पैसे आणि शुभेच्छा पाठवल्या. सरांनी आभार मानले आणि हळूच सांगितलं की त्यांचा नाताळ ७ जानेवारीला असतो. त्यांचं चर्च जुनं ज्युलियन पंचांग पाळतं, ते १३ दिवस मागे आहे. मला फार लागलं ते. तीन वर्षं हा माणूस माझ्या मुलाला शिकवतोय आणि त्याचा सण कधी असतो हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं. यंदा ६ तारखेच्या संध्याकाळी भेट पोचेल असं बघितलं. त्या रात्री तिकडे ओकची फांदी जाळतात. सरांनी अंगणातल्या त्या जाळाचा फोटो पाठवला, मुलानं तो पटाशेजारी लावलाय.

तुम्ही काय केलंत? किती पोचले, किती कापले गेले, समोरच्याला अवघडल्यासारखं झालं का? मोकळेपणानं लिहा.

मिरजेहून

मी नर्स आहे, जर्मनीला जाण्यासाठी जर्मन भाषेच्या बी-टू पातळीची तयारी करते. माझ्या बाई लाइपझिगच्या. नाइट ड्युटी असली की त्या माझ्यासाठी तासाची वेळ बदलतात, एकदाही कुरकुर केली नाही. नाताळला साताऱ्याचे कंदी पेढे पाठवायचे हे मी मनात पक्कं केलं होतं. कुरिअरवाल्यानं सांगितलं की युरोपीय संघात बाहेरून टपालानं दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. मग सांगलीची हळद आणि बेदाणे पाठवले. दोन्हींना जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, ते मी चिठ्ठीत जर्मनमधून लिहिलं. 'बेदाणे म्हणजे उन्हात नव्हे, सावलीत वाळवलेली द्राक्षं' हे वाक्य जमवायला मला अर्धा तास लागला, पण एकही चूक निघाली नाही.

पैसेही द्यायचे होते. बाईंनी स्पष्ट सांगितलं की तिकडे नोकरदाराला मिळालेली बक्षिशी करमुक्त असते, पण स्वतंत्र काम करणाऱ्याला ती उत्पन्नात दाखवावी लागते. म्हणून डिसेंबरच्या बिलातच वेगळी ओळ घालून घेतली. मला हा सरळ मार्ग फार आवडला.

साताऱ्याहून, निवृत्त बँक कर्मचारी

वयाच्या ६६ व्या वर्षी मी इंग्रजी बोलायला शिकतोय, परदेशातल्या नातवाशी धड बोलता यावं म्हणून. शिकवणारी मुलगी फिलिपीन्समधल्या सेबूची. तिकडे नोकरदारांना १९७५ पासून कायद्यानं तेरावा पगार मिळतो, २४ डिसेंबरच्या आत. आपल्या दिवाळी बोनससारखंच. पण घरून शिकवणाऱ्याला तो कोण देणार? म्हणून मी दरवर्षी एका महिन्याची फी जास्त देतो.

पहिल्या वर्षी ५० डॉलर पाठवले, तिच्या हाती ३२ पडले. चूक माझी होती, खर्चाच्या रकान्यात 'एसएचए', म्हणजे खर्च दोघांत वाटून, तसंच राहिलं. मधल्या बँकेनं वाटेत आपला वाटा कापून घेतला. तिथं 'ओयूआर' लिहा, म्हणजे खर्च आपल्या अंगावर येतो. बाकी काम अवघड नाही. पॅन, ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज), कारण म्हणून वैयक्तिक भेट. परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे. टीसीएस (पाठवतानाच बँक घेते तो कर) सध्या वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर लागतो, त्यामुळे त्याची धास्ती नको. चलन बदलण्यावर जीएसटी मात्र रक्कम लहान असली तरी किमान ४५ रुपये आहेच. दर महिन्याला थोडं थोडं पाठवण्यापेक्षा एकदाच पाठवा. आणि फिलिपीन्सला आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, नसतो. तो नसला म्हणजे खातं खोटं, असं समजू नका.

कराडहून

आमच्या गणिताच्या बाई सिंगापूरच्या. २०२३ मध्ये यूपीआय आणि तिथली तशीच पेनाऊ सेवा जोडले गेले, तेव्हापासून पैसे मोबाइलवरूनच जातात. मिनिटाचं काम.

वाईहून

साताऱ्याचे बँकेतले काका, तुमची माहिती टिपून घेतली. माझा अनुभव वेगळा आहे. मी जपानी शिकते. जपानमध्ये टिप द्यायची पद्धतच नाही हे वाचलं होतं, तरी विचारलं. सेन्सेई, म्हणजे माझ्या बाई, म्हणाल्या, फी मिळते, तेवढं पुरे. काही द्यायचंच असेल तर तुझ्या गावाबद्दल हातानं लिही. मी ढोल्या गणपती आणि कृष्णेचा घाट यांच्यावर दोन पानं लिहून टपालानं पाठवली. पानांचा फोटो परत आला. चुका लाल शाईनं दुरुस्त केलेल्या, आणि शेवटी लाल वेटोळ्याभोवती पाकळ्या काढलेलं फूल. तिकडे लहान मुलांना छान लिहिल्याबद्दल शिक्षक ते काढतात. मी चाळिशीची आहे, तरी ते पान फ्रेम करून घेतलं.

सातारा, शाहूपुरीतून

मी पलीकडच्या बाजूनं लिहिते. टोरांटो आणि आसपासच्या सहा घरांतल्या मुलांना मी मराठी शिकवते. गेल्या दिवाळीत खात्यात पैसे आले, पण बँकेच्या संदेशात फक्त पाठवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. कुणी पाठवले ते कळेना. एकेका आईला विचारावं लागलं आणि ज्यांनी पाठवले नव्हते त्या ओशाळल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून विनंती आहे. पैसे पाठवलेत की त्याच दिवशी निरोपही पाठवा.

माझे वडील पोस्टमन होते. पोस्तीचं पाकीट घरी आणलं की ते आधी त्यावर घराचं नाव लिहायचे, मग उघडायचे. फराळाचा डबा कुणाकडून आला, तेसुद्धा त्यांच्या वहीत असायचं. चौथ्या घरी फोन केला तेव्हा आठ वर्षांचा विद्यार्थीच पुढे येऊन म्हणाला, "ताई, ती ओवाळणी आहे." वडिलांच्या वहीत शेवटची काही पानं कोरी होती. त्यातल्या पहिल्यावर मी लिहिलं: भाऊबीज, टोरांटो, २५ डॉलर.