शनिवारी रात्री दहाला निरोप : स्वयंसेवकांना काम वेळेत कळवायचं कसं?

मिरज_मंडळी
आमची मंडळी, म्हणजे चर्चची सभासद कुटुंबं, साधारण 120. पाळकसाहेब (पास्टर) एक, पगारी माणसं दोन (ऑफिसचा क्लार्क आणि शिपाई), बाकी संडे स्कूल, गायनमंडळ, महिला मंडळ, तरुण संघ धरून पस्तीसेक स्वयंसेवक. सगळ्यांचा मिळून एकच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सुप्रभात, वाढदिवस, प्रार्थनेच्या विनंत्या, आणि त्यातच कुठेतरी "उद्या शास्त्रपाठ (उपासनेतला बायबलचा उतारा) कोण वाचतंय?" निम्मी पोरं कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला. नाताळाआधी ही घडी बसवायची आहे. सुरुवात कुठून करावी?

सांगली_गायनमंडळ
आधी ग्रुप फोडा. मंडळीचा मोठा ग्रुप राहू द्या, कामाचा वेगळा काढा. त्याच्या सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनना मेसेज टाकता येईल असं करा. अ‍ॅडमिन दोनच, सेक्रेटरी आणि क्लार्क. महिन्याची यादी तिथे पिन करायची. पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहते, टाकताना तेवढीच मुदत निवडा.

"उद्या कोण?" याला उत्तर येत नाही, कारण पस्तीस जणांना वाटतं दुसरा कुणी सांगेल. निरोप नावानिशी हवा:

"रविवार 14, उपासना 8:30. शास्त्रपाठ लूक 1:26-38, वाचणार अमुक, बदली तमुक. 8:10 ला हजर. गुरुवार रात्रीपर्यंत 'हो' किंवा 'नाही' सेक्रेटरींना कळवा."

बदलीचं नाव त्याच निरोपात घाला. शिफ्ट ऐनवेळी बदलते, आणि रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेल्या माणसाला साडेआठला वाचायला उभं करू नये. गुरुवारी उत्तर नाही आलं तर शुक्रवारी फोन. तिसरा मेसेज टाकण्यात अर्थ नाही.

सातारा_वडील
ग्रुप फोडून अर्धंच काम होईल. हुकूम किती तोंडांतून सुटतो ते बघा. पाळक शिपायाला खुर्च्या हॉलमध्ये लावायला सांगतात, खजिनदार त्याला बँकेत पाठवतात, पास्टरेट कमिटीतले (चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीतले) कुणी मांडववाल्याकडे पिटाळतात. शिव्या शेवटी शिपाईच खातो. पगारी माणसाला काम एकानेच सांगायचं, बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी. बाकीच्यांनी सेक्रेटरींना सांगायचं, पाळकांनीसुद्धा. दर सोमवारी वीस मिनिटं क्लार्क आणि शिपायाबरोबर बसून आठवड्याची कामं एका वहीत लिहा, झालेल्यावर खूण करा.

स्वयंसेवकाला मात्र हुकूम देता येत नाही, विचारावं लागतं. पस्तीसही जणांना पाळकांनी स्वतः विचारायचं म्हटलं तर बायबलच्या निर्गम 18 मध्ये लोकांचे सगळे तंटे एकट्याने सोडवणाऱ्या मोशेसारखी दमछाक. त्याचा सासरा इथ्रो याने त्याला दहादहांवर माणूस नेमायला सांगितलं तेच करा : चार विभाग, चार प्रमुख. पाळकांचा फोन त्या चौघांना.

वाई_संडेस्कूल
चूक ग्रुपवर काढायची नाही. "काल प्रभुभोजनाचे पेले धुतलेले नव्हते" एवढं एक वाक्य पडलं की ती बाई पुढच्या महिन्यात येत नाही, आणि तिची जाऊही. मत्तय 18:15 : आधी एकट्याला गाठून सांगा. आभार मात्र सगळ्यांसमोर, काम नाव घेऊन : "पेले अमुक बाईंनी लावले."

वेदीवरून केलेली घोषणा मंडळीसाठी असते. स्वयंसेवकाला स्वतःचं काम तिथून पहिल्यांदा कळणं हा त्याचा अपमानच.

मिरज_मंडळी
काही ज्येष्ठांकडे साधा फोन आहे. त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट चालेल का?

सांगली_गायनमंडळ
नाही, ब्रॉडकास्टही व्हॉट्सअ‍ॅपवरच. शिवाय ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचत नाही, आणि तुम्हाला वाटतं गेला. ज्येष्ठांना विभागप्रमुखाने फोन करावा, आणि यादीची मोठ्या अक्षरातली प्रत चर्चच्या दाराशी चपला काढतात तिथे लावा. नाताळाची यादी आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या) पहिल्या रविवारी लागलीच पाहिजे. ऊसतोडीवर लक्ष ठेवायला गावाकडे जाणारे त्यानंतर हाती लागत नाहीत.